आडवा होतो

आधी खेळ सांगतो, म्हणजे मी काय माती खाल्ली ते कळेल. न सांगता पुढं गेलो तर तुम्हीच म्हणाल, एवढ्याशा खेळापायी हा घोडा का रडतोय.

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो. आमच्यात तो मी. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कुणी तलवारवाला, कुणी जादूगार, कुणी चोर. त्या पात्राचा सगळा संसार एका कागदावर असतो. ताकद किती, चलाखी किती, अंगात जीव किती. जीव म्हणजे नुसता आकडा. पंचवीस जीव असला आणि आठाचा घाव बसला की सतरा उरतो. गोष्ट चालू असते तोवर कुणीही कधीही बोलावं, पण मारामारी सुरू झाली की नळावर लागतात तसे नंबर लागतात. सगळ्यांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा, ज्याचा आकडा मोठा त्याची बारी आधी. बारी आली की चार पावलं चालायचं आणि एक काम करायचं. वार करायचा असेल तर पुन्हा तोच फासा. समोरच्याच्या चिलखताच्या आकड्याला पुरला तर लागला, नाहीतर हुकला. किती लागला त्याचा फासा वेगळा. सहा सेकंदांची मारामारी खेळायला अर्धा तास जातो.

खऱ्या भांडणात कुठं आलंय असं? तिथं सगळे एकदम बोलतात आणि एकदम मारतात. मी जन्माचा तापट. तोंडातून शब्द गेला की मग डोकं जागं होतं. म्हणून मला हा खेळ आवडला. इथं राग आला तरी बारीची वाट बघावी लागते.

पुस्तकातल्या नियमांवर माझा स्वतःचा एक नियम होता: बोललं ते झालं. आपलं पात्र काय करतंय ते तोंडानं सांगायचं, आणि एकदा सांगितलं की ते घडलं. मागं घ्यायचं नाही. हा नियम मी लई ऐटीत सांगायचो.

आता माझा दोस्त. तो मुखेड तालुक्यातला, मी शिरूर अनंतपाळचा. गाठ पडली नांदेडला, कॉलेजच्या वसतिगृहात. एका खोलीत दोन खाटा, एक त्याची, एक माझी. ओळख होऊन आठ दिवस झाले असतील. दुपारी मेसमध्ये एक सीनियर रांग मोडून पुढं घुसला आणि मी त्याला त्याच्या आईवरून बोललो. का बोललो? भाजी संपत आली होती म्हणून. काही कारण लागतं का मला!

तासाभरात चौघं खोलीवर आले. एकाच्या हातात कमरेचा पट्टा. मी खिडकीकडं सरकलो. माझा दोस्त बनियनवर खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. तो उठला, टरफलं झटकली आणि दाराच्या चौकटीला दोन्हीकडून हात लावून उभा राहिला.

"काय असल ते मला सांगा," तो म्हणाला. "ह्येला न्हाई."

पट्ट्याचं बक्कल त्याच्या डाव्या भुवईवर बसलं. रक्त बघून ते चौघं पळाले. मी मागं उभा राहून त्याच्या बनियनचं भोक बघत होतो, हे मला अजून स्वच्छ आठवतं. दवाखान्यात तीन टाके पडले. परत येताना रिक्षात मी त्यालाच झापलं. माझी भीती अशीच बाहेर पडते.

"तुला कुणी सांगितलं होतं मधे पडायला?"

"मधे कुठं पडलो?" तो म्हणाला. "आडवा झालो."

आमच्याकडं हा शब्द असाच आहे. बैल सुटला तर कुणीतरी आडवं व्हावं लागतं. लग्नात सोयरा रुसून निघाला तर चार माणसं आडवी होतात. वाटेत उभं राहणं, समोरच्याला पुढं जाऊ न देणं. पुण्यामुंबईकडं आडवा होणं म्हणजे जेवून जरा पाठ टेकणं. आमच्याकडंही तो अर्थ आहेच, पण कुठं कुठला घ्यायचा ते शेंबडं पोरही सांगेल.

दुसऱ्या वर्षी वसतिगृहात हा खेळ आला. एकाच्या मोबाईलवर नियमांचं पुस्तक होतं, ते आम्ही झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं. वीस बाजूंचा फासा नांदेडात मिळेना. मग वीस चिठ्ठ्या करून स्टीलच्या पेल्यात घातल्या. पात्रं घ्यायची वेळ आली तेव्हा झाडून सगळ्यांना तलवारवाला व्हायचं होतं. माझ्या दोस्तानं विचारलं, "मारायचं नसल तर काय करता येतंय ह्यात?"

सगळे हसले. मी पुस्तक चाळलं. एक नियम सापडला: ढालवाल्याच्या शेजारी उभ्या सोबत्यावर वार आला तर ढालवाल्याला ढाल मधे घालता येते. मग वार करणाऱ्यानं दोन फासे टाकायचे आणि त्यातला कमी आकडा धरायचा. दोस्ताचं इंग्रजी कच्चं होतं, म्हणून त्याचा कागद मी मराठीत लिहून दिला. त्या नियमापाशी येऊन अडलो.

"ह्याला काय म्हणू?"

"काय म्हणायचंय? आडवा होतो."

मी लिहिलं. माझ्या हातानं, निळ्या पेनानं: आडवा होणे — शेजारच्यावर वार आला तर ढाल मधे.

त्यानंतर सहा वर्षं आम्ही खेळलो. मी लातूरला एका शिकवणीत पदार्थविज्ञान शिकवायला लागलो, तो विजेच्या खात्यात लाईनमन होऊन मुखेडला गेला. तरी महिन्यातल्या एका रविवारी सकाळची गाडी धरायचा, अहमदपूरला गाडी बदलायचा आणि अकराच्या ठोक्याला माझ्या खोलीचा जिना चढायचा. हातात धपाट्यांचा डबा आणि कोपऱ्यात ठेच्याची पुडी. त्याच्या ढालवाल्यानं सहा वर्षांत फार कुणाला मारलं नाही. पण त्याच्या शेजारी उभं असलेलं आमचं एकही पात्र मेलं नाही. "म्या आडवा होतो" म्हटलं की टेबलावरचे सगळे सुटकेचा निःश्वास सोडायचे. मी तर त्याच्या भरवशावर वाट्टेल तसले राक्षस आणायचो.

पुढं जुने खेळाडू नोकऱ्यांपायी पांगले. त्यांच्या जागी माझ्याच शिकवणीतले दोन मास्तर आले. एक गणिताचे, एक रसायनशास्त्राचे. दोघंही बाहेरून आलेले, दोघांची मराठी धुतलेली. माझीही तोवर धुऊन झाली होती. वर्गात पोरं हसू नयेत म्हणून मी 'पानी'चं 'पाणी' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं, 'काय करायलास'चं 'काय करतोयस' केलं. घरी फोनवर आई म्हणायची, "साहेबावानी बोलायलास की रे." मला बरं वाटायचं. बरं वाटायचं, हे लिहितानाच कान तापतात.

तर एका रविवारी पुण्याचा पाहुणा येणार होता. गणिताच्या मास्तरांच्या ओळखीचा, लातूरला लग्नाला आलेला. पुण्यात तो हॉल घेऊन हा खेळ भरवतो, शंभरेक माणसं जमतात, आणि मराठीत गोष्ट चालवणारा कुणीतरी त्याला हवा होता. माझं नाव त्याच्या कानावर गेलं होतं. बस्स, मग काय! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी खोली झाडली, नवे फासे मागवले, माझ्यापुढं लावायला पुठ्ठ्याचा रंगवलेला आडोसा केला. आणि शनिवारी दोस्ताला फोन केला.

"उद्या पाहुणा आहे. जरा नीट बोल."

"नीट म्हंजे?"

"म्हणजे नीट."

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता. कुठल्यातरी खांबापाशी उभा असावा.

"बरं," तो म्हणाला.

पाहुणा माणूस चांगला होता. हे सांगायलाच पाहिजे, कारण त्याच्यावर ढकलून मी मोकळा झालो असतो तर हे लिहायची वेळच आली नसती. हसतमुख, जेवायला जमिनीवर मांडी घालून बसला, धपाटं मागून घेतलं, ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी अजून मागितलं. त्यानं जादूगार घेतला. जादूगाराचा जीव थोडा असतो, त्याचा नऊ होता.

दुपारी दोनच्या सुमारास मारामारी सुरू झाली. दगडी पूल, खाली खोल दरी, समोरून तरसाच्या तोंडाचे तीन राक्षस. नंबर लागले. जादूगारानं आग फेकली, ती हुकली. आता तिन्ही राक्षस त्याच्यावर येणार हे सगळ्यांना दिसत होतं. बारी माझ्या दोस्ताची होती.

त्यानं टेबलावरची त्याच्या ढालवाल्याच्या नावाची चकती उचलली, जादूगाराच्या शेजारी ठेवली, घसा साफ केला आणि म्हणाला, "मी आडवा होतो."

'म्या' नाही म्हणाला. 'मी' म्हणाला. नीट बोलला बिचारा, मी सांगितलं होतं तसं.

पाहुणा खुदकन हसला. "आडवा? आत्ता? लढाईत झोपतोस काय रे?"

दोघे मास्तर फिस्सकन हसले. त्यांना अर्थ ठाऊक होता, किती रविवार ऐकला होता, तरी हसले, कारण पाहुणा हसला. आणि मीही हसलो.

माझ्या दोस्तानं त्याच्या कागदावर एका चौकटीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. तिथं काय लिहिलंय ते मला वाचायची गरज नव्हती. अक्षर माझं होतं.

पाहुण्याला काहीतरी जाणवलं असावं. तो हसायचा थांबला आणि मलाच विचारलं, "का हो, इकडं याचा दुसरा काही अर्थ आहे का?"

बघा. माणसानं दार उघडून दिलं होतं. एक वाक्य पुरलं असतं: हो, आमच्याकडं आडवा होणं म्हणजे ढाल मधे घालणं. एवढं म्हटलं असतं तर पाहुण्याला उलट मजा वाटली असती, कदाचित त्यानं तो शब्द पुण्याला नेला असता. पण माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, 'आमच्याकडं' म्हटलं की मीही तिकडचाच ठरतो. बनियनवाल्यांच्यातला, न्हाईवाल्यांच्यातला.

"नाही हो," मी म्हणालो. "हा आमचा असाच आहे."

आणि मग तिथंच थांबावं की नाही? नाही थांबलो. कौतुकाची हाव वाईट. मी पुठ्ठ्याच्या आडोशामागून, अगदी ठेवणीतल्या आवाजात बोललो, "बोललं ते झालं. राक्षस अंगावर येताहेत, आणि आमचा ढालवाला पुलावर शांतपणे आडवा झालाय. पाठ टेकून."

खोली हसण्यानं दणाणली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो दांडा म्हणजे मी.

खाली पडलेल्यावर वार करणं सोपं असतं. पुस्तकातच आहे: जवळून वार करणाऱ्यानं दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. सहा वर्षं ज्यानं दुसऱ्यांसाठी राक्षसांना कमी आकडा धरायला लावला, त्याच्यावर मी तीन राक्षस सोडले आणि सहा फासे टाकले. तिन्ही वार लागले. त्याचा जीव शून्यावर आला.

शून्यावर आलं म्हणजे लगेच मरत नाही. आपली बारी आली की एक फासा टाकायचा. दहाच्या खाली पडला तर मरणाकडं एक पाऊल, दहा किंवा वर पडला तर जगण्याकडं एक. तीन पावलं जिकडं आधी होतील तिकडं माणूस जातो. फक्त एक सवलत आहे. नेमके वीस पडले तर माणूस तडक उठून उभा राहतो.

पहिल्या बारीला त्याला सहा पडले. दुसऱ्या बारीला चार. मधल्या वेळात जादूगारानं एक राक्षस जाळला, पाहुणा रंगात आला होता. तिसरी बारी आली. माझा दोस्त माझ्या डाव्या हाताला बसलेला, त्याच्यापुढं डब्याचं झाकण उपडं ठेवलेलं. त्यानं झाकणात फासा टाकला. डब्याच्या आडोशानं बाकीच्यांना तो दिसत नव्हता. मला दिसत होता.

वीस.

त्यानं फाशाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग फाशावर मूठ झाकली. आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ.

"तीन," तो म्हणाला. "मेला."

"अरेरे," मी म्हणालो, आणि पुढची बारी पुकारली.

का गप्प बसलो? कितीदा तरी स्वतःला समजावलं की तो स्वतःच तीन म्हणाला, आणि बोललं ते झालं. पण खोटं कशाला बोलू. तो उठला असता तर पुन्हा म्हणाला असता, आडवा होतो. पुन्हा सगळे हसले असते, पुन्हा मला ठरवावं लागलं असतं की मी कुणीकडचा. मेला तर बरंच, असं मला वाटलं. माझ्या दोस्ताविषयी मला असं वाटलं. आग लागो त्या वाटण्याला.

खेळ संपेपर्यंत तो बसून राहिला. मधेच उठून त्यानं सगळ्यांना पाणी दिलं, उरलेली धपाटी पाहुण्याला कागदात बांधून दिली. कागदावरचा ढालवाला माझ्या फायलीत ठेवला. चार वाजता म्हणाला, "येतो. अहमदपूरची गाडी हाय." मी जिन्यापर्यंतसुद्धा गेलो नाही, कारण पाहुणा मला पुण्याच्या तारखा सांगत होता.

पुण्याला गेलो. मोठा हॉल, झकास व्यवस्था, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. एकदा तोंडातून 'बारी' गेलं आणि मी जीभ चावून 'टर्न' म्हणालो. त्या टेबलावरही एक ढालवाला होता, शिकलासवरलेला, चुणचुणीत. त्यानं दोन तासांत एकदाही कुणासाठी ढाल मधे घातली नाही. स्वतःच मारत सुटला. त्याची काय चूक, तो त्याचा खेळ खेळत होता. पण माझं चित्त उडालं ते उडालंच.

दोस्त मात्र परत आला नाही. फोन केला की, "ड्युटी हाय गड्या." दिवाळीत, "लाईनीचं काम निघालंय." रागानं बोलला असता तर मी दुप्पट रागानं बोललो असतो आणि भांडून मोकळे झालो असतो. तो रागावलाच नाही. जेवलास का, आई कशी हाय, असं विचारायचा आणि फोन ठेवायचा. खेळाचं नाव काढायचा नाही. दोन वर्षं अशी गेली. रविवारचा खेळही हळूहळू मोडला. शेजारी कुणी उभं राहणारं नसलं की माणसं भिऊन खेळतात, आणि भिऊन खेळण्यात काय मजा?

मागच्या उन्हाळ्यात खोली बदलताना ती फाईल निघाली. वर त्याचाच कागद. घडीवर पिवळा पडलेला, एका कोपऱ्याला तेलाचा डाग. जीवाच्या चौकटीत त्यानं शून्य लिहिलं होतं. त्याखाली माझं निळं अक्षर: आडवा होणे. मी तिथंच खोक्यावर बसलो. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला, आणि त्या रागातच मी दुसऱ्या दिवशीची मुखेडची गाडी धरली. कागद खिशात, फासा खिशात. ठरवलं होतं, पाय धरायचे आणि त्याला परत आणायचा. ढालवाला उठवायचा. गोष्ट चालवणारा मीच, मला कोण अडवणार?

मुखेडला बाजाराचा दिवस होता. स्टँडबाहेर विचारलं तर एकानं लांबच्या डीपीकडं बोट केलं. माझा दोस्त शिडीवर, हातात पकड, कपाळावर घामाची धार. मला बघून तो तोंडभरून हसला.

"आरं! कवा आलास? थांब, उतरतो. लाईन बंदच हाय."

स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेतला. त्यानं आईचं विचारलं, शिकवणीचं विचारलं. त्याची डावी भुवई मधे तुटलेली आहे, तिथं केस उगवत नाहीत. मी तिकडं बघायचं टाळत होतो. शेवटी खिशातून कागद काढला आणि त्यावर फासा ठेवला.

"त्या दिवशी तुला वीस पडले होते," मी म्हणालो.

"हाव, पडले व्हते."

"मला दिसले होते."

"ठाव हाय की." त्यानं चहा संपवला. "म्हणून तर तुझ्याकडं बघितलो."

"मग तीन का म्हणालास? बोलायचं ना मला! चार शिव्या हासडायच्या! गप्प का बसलास?" बघा, माफी मागायला गेलो होतो आणि त्याच्यावरच खेकसत होतो.

त्यानं फासा उचलून तळहातावर ठेवला, मूठ झाकली, अगदी त्या दिवशीसारखी.

"मूठ झाकलो, तरी लगीच बोललो न्हाई," तो म्हणाला. "थांबलो जरा. मला वाटलं, तू आडवा होशील."

टपरीवाला कुणाला तरी भजी बांधून देत होता. मी माफी मागितली, पण ती नुसती ओठ हलल्यासारखी झाली. तो म्हणाला, "जाऊ दे रं. खेळच व्हता." आणि फासा कागदावर ठेवून दोन्ही माझ्याकडं सरकवले.

"येशील का पुन्हा?" मी विचारलं.

"बघू," तो म्हणाला. मग स्टँडकडं मान वळवून, "तुझी गाडी तर निघाली की!"

गाडी फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागली होती. बाजाराच्या गर्दीतून हॉर्न वाजवत येत होती. मी म्हणालो, राहू दे, पुढची बघतो. त्यानं ऐकलं नाही. पकड टपरीवर टाकली, धावत रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात पसरून गाडीपुढं उभा राहिला. ब्रेक कच्चकन वाजले. ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडी काढून त्याची आई काढली. माझा दोस्त हलला नाही.

"आपला माणूस हाय," तो ओरडला. "घ्या त्याला."

मी चढलो. मागं वळून बघायचा धीर झाला न्हाई.